मुक्काम मागची खोली

प्रिय अहो,

हसू नका. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. त्यामुळे मायन्यापाशीच गाडं अडलं. नाव तर कधी घेतलं नाही, मग ज्या हाकेला तुम्ही ओ देता तीच लिहिली. ओ देता, म्हणजे ऐकू आली तर. फोनवरच बोलले असते, पण तुमच्या कानांपुढे कुणाचं काय चालणार? विचारावं एक आणि उत्तर यावं दुसरंच, तेही सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं.

तुमचा कोरोनाचा रिपोर्ट आला त्या दिवशी तुम्ही उशी काखेत मारून मागच्या खोलीत गेलात आणि आतून कडी लावलीत. माझ्या दम्याची तुम्हाला धास्ती, ते कळतं मला. पण निदान विचारायचं तरी! दुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर तिथे आणून ठेवलेले ते उघडे रेडिओ, तारा, स्क्रू, आणि त्यातच तुमची गादी. हे भंगार टाका म्हणून मी किती मागे लागले होते. आता शब्द मागे घेते. सकाळी भिंतीपलीकडून बातम्या सुरू झाल्या की मी चहाचं आधण ठेवते. रेडिओ बोलतोय म्हणजे तुम्ही ठीक आहात. परवा दुपारी तो मध्येच गप्प झाला, तेव्हा हातातलं ताट तसंच धरून ओट्यापाशी उभी राहिले. मग खरखर ऐकू आली, तुम्ही दुसरं स्टेशन शोधताय हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. त्यानंतर बराच वेळ मी काही काम केलं नाही.

बाहेर सगळं सामसूम आहे. समोरच्या शिंपीणबाई पडद्यांच्या उरलेल्या कापडाचे मास्क शिवतात, त्यामुळे दुकानापुढची रांग अगदी फुलाफुलांची दिसते. आपला लेक रोज फोन करून मला दम देतो, त्या खोलीकडे फिरकायचं नाही म्हणून. लहानपणी आपण त्याला दिलेला सगळा दम व्याजासकट परत करतोय. मी हो हो म्हणते आणि तुमचं ताट दाराशी ठेवून येते. जेवायला एकटीच बसते. तुमची खुर्ची रिकामी बघवत नाही, म्हणून तिच्यावर धुतलेले कपडे ठेवलेत.

स्वयंपाकाचं मात्र काही खरं नाही. काल दूध उतू जाऊन पार करपलं. मी तिथेच भाजी निवडत बसले होते, तरी मला पत्ता नाही. खालच्या मास्तरीणबाईंनी फोन करून विचारलं, काय जळतंय म्हणून. तुमचं ताट अर्धं परत आलं तेव्हा तुमच्यावरच चिडले, आजारपणात कसले नखरे म्हणून. मग उरलेली भाजी चाखून पाहिली. खारट नाही, तिखट नाही, काहीच लागली नाही.

तर मुद्द्याचं सांगते. काल तपासणीवाली मुलगी येऊन माझ्या नाकात काडी घालून गेली. आज रिपोर्ट आला. मलाही झालाय. घाबरू नका. अंग थोडं कसकसतंय, दम लागत नाही. डॉक्टरांनी फोनवर सगळं नीट विचारून घेतलं आणि घरीच राहा म्हणाले. दोघं एका खोलीत राहिलो तर चालेल का, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. चालेल म्हणाले. इतके दिवस कोंडून घेतलं ते वाया गेलं म्हणून तुम्ही हळहळाल. पण खरं सांगू? रिपोर्ट वाचून आधी भीती वाटली आणि मग फार बरं वाटलं. लेकाला संध्याकाळी दोघं मिळून सांगू, त्याची बोलणी एकटीने खायची माझी तयारी नाही. पत्र दाराखालून सरकवतेय आणि दोन कप चहा घेऊन इथेच उभी आहे. चहात साखर पडलीय की मीठ, ते तुम्हालाच सांगावं लागेल. वाचून झालं की रेडिओ जरा बारीक करा आणि कडी काढा.

तुमचीच,
दाराबाहेरची