तुळजाबाईचा वरवंटा

माळाकोळी फाटा
सोमवार, दि. ८ डिसेंबर २०२५

श्री. संगमेश्वर आप्पा, मु. चाकूर, यांना
सटवाजीचा नमस्कार.

दर वेळी तुम्हाला वर ‘शरणार्थ’ लिहितो. आज लिहीत नाही. मनात नसताना हाताने लिहिणं मला जमत नाही. वहिनींचा गुडघा कसा आहे ते कळवा. नाही कळवलं तरी चालेल. इकडे सर्व ठीक आहे. माझी बीपीची गोळी चालू आहे. धुई पडून राहिली, त्यामुळे तुरीचा फुलोरा गळतो की काय अशी काळजी आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर माझा आवाज कापतो आणि तुम्ही मध्येच बोलता. मग मला जे सांगायचं ते राहून जातं आणि जे सांगायचं नाही ते तोंडातून निघतं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, अक्षर वाकडं आहे, पण लागेल. स्पीड पोस्टानं पाठवणार आहे. तुमची सही झाली म्हणजे ‘मिळालं नाही’ म्हणता येणार नाही.

दिवाळीनंतरच्या त्या मंगळवारी तुम्ही माझ्या खानावळीत आलात. जेवणाची वेळ होती. दहा-बारा गिऱ्हाईक बसलेलं होतं, दोन ट्रकवाले तर रोजचे. मी म्हटलं, “या आप्पा, हात धुवा, गरम भाकर हाय.” तुम्ही हात धुतले नाहीत. सरळ चुलीमागच्या फळीकडे गेलात, वरवंटा फडक्यातून काढलात, दोन्ही तळहातांत धरलात आणि भर पंगतीत ओरडलात.

“सटवाजी, हा तो न्हाई! तुळजामायचा वरवंटा कुठं हाय?”

मी म्हणालो, “तोच हाय की.”

“मला शिकवू नको. कुणाला इकलास, सांग.”

ट्रकवाला हसून म्हणाला, “काका, दगडाची बी चोरी होती का?” तुम्ही त्याच्याकडे वळून म्हणालात, “हितं होती.” माझ्याच दारात, माझ्याच गिऱ्हाइकापुढं. आणि पाणीसुद्धा न पिता गेलात.

त्यानंतर आपल्या पाच खानावळींच्या ग्रुपवर तुम्ही दोन फोटो टाकले. एक जुन्या येळवशीचा, एक माझ्या फळीवरचा. खाली लिहिलं, ‘ओळखा, खरा कोणता.’ लातूरच्या विनोदने हसणारी तोंडं टाकली, मोजली नाहीत, पण ओळभर होती. अहमदपूरचे दयानंद काहीच बोलले नाहीत, म्हणजे त्यांनाही पटलं. विष्णुपुरीच्या पंचफुलाबाईंनी तेवढा फोन केला. म्हणाल्या, “भाऊ, खरं काय ते सांगून मोकळे व्हा. मी काय तुम्हाला आजची वळखते का?” मी त्यांनाही काही सांगितलं नाही. मग तुमचा शेवटचा निरोप आला. येळवशीला खरा वरवंटा हातात पडला नाही तर सटवाजी पाचातून बाद.

तुम्हाला रीत सांगायची गरज नाही. पण तुम्ही ती विसरलात असं दिसतं, म्हणून लिहितो.

विष्णुपुरीला धरणाचं काम चालू होतं तेव्हा आपण पाचही जण तुळजाबाईच्या खानावळीत तिच्या हाताखाली होतो. पीठ मळणं, पाणी भरणं, मसाला वाटणं. तिला मूलबाळ नव्हतं. जाताना तिने पाटा पंचफुलाबाईंना दिला आणि वरवंटा पाचांचा केला. प्रत्येक खानावळीत एक वर्ष. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवशीला, सगळी दुनिया शेतात भज्जी-आंबील खायला जाते, रस्ता ओस पडतो, खानावळीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तेवढाच एक दिवस आपल्याला सुट्टी. त्या दिवशी ज्याच्याकडे वरवंटा त्याच्या घरी बाकीच्यांनी जमायचं, त्याच्या पाट्यावर भाजलेल्या धान्य-मसाल्याचा पाच मुठी येसर वाटायचा, एकेक मूठ आपापल्या मसाल्यात मिसळायला न्यायची. पुढच्याने वरवंटा मांडीवर घेऊन जायचा, वाटेत खाली टेकवायचा नाही. आणि वर्षभर तो धुऊन, फडक्यात बांधून फळीवर ठेवायचा. त्या पाच मुठींशिवाय त्याला दुसऱ्या कशालाच लावायचं नाही. ही तिची अट. तिने अंथरुणावरून मला दोनदा बोलून दाखवली होती, कारण तिला माहीत होतं की सटवाजी विसरभोळा.

असा वरवंटा इतकी वर्षं फिरला. कुणी कागद केला नाही की कुणी साक्षीदार ठेवला नाही. तुम्ही पहिले, ज्यांनी फोटो काढला.

तुमची घाई मला कळते. नवा रस्ता तुमच्या दारावरून न जाता मागून गेला. गाड्या थांबत नाहीत. तुमच्याकडे दुपारी चार माणसं जेवली तरी नशीब, असं पंचफुलाबाई म्हणत होत्या. या वर्षी पाळी तुमची. वरवंटा दारात आला की पंगत बसेल, असं तुम्ही धरून चालला आहात. म्हणून महिनाभर आधी तपासायला आलात. माल येण्याआधी आडत्या बघून जातो, तसं. मला तुमची कीव यायला पाहिजे. येत नाही.

दोन दिवस हे पत्र इथेच थांबलं होतं. पेन संपलं म्हणून नाही.

तर, आप्पा, तुमचं बरोबर होतं. फळीवरचा वरवंटा तुळजामायचा नाही. हा मी लोहा गावच्या बाजारातून आणला. तिच्या वरवंट्यावर होती तशी एका टोकाला टाकीने फुली कोरली. मग ओली वाळू टाकून पाट्यावर घासायला बसलो, म्हणजे जुना दिसेल. रोज दुपारी गिऱ्हाईक उठलं की घासायचो. हाताला फोड आले. महिन्याने बघतो तर झीज उलटी पडलेली. तुळजामाय डावखुरी होती, फुलीचं टोक डाव्या हाताखाली धरून वाटायची, म्हणून फुलीकडची बाजू झिजलेली. मीही फुली डावीकडेच धरली, पण माझा जोर उजव्या हाताचा. मोकळी बाजू झिजली. फडक्यात बांधलेला असताना कुणाला दिसणार, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढली. तुझ्या हाताला कळेल हे ध्यानात आलं नाही. खरं तर आलं होतं. तूसुद्धा तिच्याजवळ बसून वाटलेलं आहेस.

‘तू’ लिहिलं गेलं. खोडत नाही.

विकला नाही. फुटला नाही. हरवला नाही. घरातच आहे, मधल्या खोलीत.

जुलैमध्ये माझ्या बालाजीला मुलगा झाला हे तुम्हाला माहीत आहे. पेढे तुमच्याकडे बसच्या कंडक्टरबरोबर पाठवले होते. बाराव्या दिवशी पाळणा घातला. बायकांना वरवंटा पाहिजे होता. आपल्याकडे वरवंट्याला टोपडं घालतात, लेकरासारखं सजवतात, पाळण्याखालून एकीने दुसरीच्या हाती देतात आणि मग लेकराच्या पायाशी ठेवतात. लेकरू पाळण्यातून बाहेर काढलं की वरवंटा आत राहतो, पाळणा रिकामा राहत नाही. हे तुमच्याकडेही असेलच.

घरचा वरवंटा तिखटाचा. सकाळीच त्याच्यावर ठेचा वाटलेला, कितीही धुतला तरी वास जाईना. घरातली म्हणाली, “शेजारून मागून आणते.” मी म्हणालो, “शेजारून कशाला? फळीवर हाय की. त्याच्याइतका स्वच्छ दगड गावात न्हाई. लेकराच्या अंगाला झोंबणार बी न्हाई.” मी स्वतः काढून दिला. कुणी मागितला नव्हता. बायका हसल्या, माझी सून सुकन्या हसली. तिने मला विचारलं, “मामा, हा कायमचा पाळण्यात ठेवायचा का?” मी मोठ्या जाणत्यासारखं सांगितलं, “रिकामा पाळणा ठेवू नये, बाई. लेकरू उचललं की हा आत असू दे.”

एक्केचाळीस दिवसांचं झालं तेव्हा ताप आला. नांदेडला नेलं. तिथून बालाजी त्याला हातात घेऊन आला, गाडीत कुणालाच घेऊ दिलं नाही.

माझ्या आईची माझ्याआधी तीन गेली होती. मी जगावा म्हणून सटवाईला नवस बोलून माझं नाव सटवाजी ठेवलं. मला काही झालं नाही. अडुसष्ट वर्षांचा झालो, भाकरी खातो, गोळी घेतो. आणि माझ्या हाताने मी अट मोडली. बालाजी म्हणतो, “बाबा, दगडाचा आन् तापाचा काय संबंध?” तो शिकलेला आहे, त्याचं बरोबर असेल. पण वरवंटा मीच काढून दिला आणि लेकरू गेलं, ह्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या आहेत. उठत नाहीत.

महिना झाल्यावर बायकांनी पाळणा सोडायचं काढलं. सुकन्या म्हणाली, राहू द्या. त्यांनी मला पुढं केलं. मी आत गेलो. ती पाळण्याची दोरी हातात धरून बसली होती. पाळणा हलवत नव्हती. आत वरवंटा होता, टोपडं घातलेला, पायापर्यंत पांघरूण.

मी म्हणालो, “बाई, हा आपला न्हाई. पाचांचा हाय. फळीवर ठेवावा लागतो.”

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “रिकामा पाळणा ठेवत न्हाईत ना, मामा?”

मी बाहेर आलो. लोह्याला गेलो आणि दगड आणला.

एवढंच आहे, आप्पा. ह्याला तुम्ही चोरी म्हणालात.

आता माझं ऐका. तुळजामाय गेली तेव्हा आपण सगळे नऊ दिवस विष्णुपुरीला राहिलो होतो. तुमचे वडील गेले तेव्हा मी तुमची चूल सांभाळली. माझ्या घरातून एक्केचाळीस दिवसांचं लेकरू गेलं, तेव्हा तुम्ही ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एक. त्याच्या खाली लगेच कांद्याच्या भावाचं लिहिलं. लहान लेकराचे दिवस घालत नाहीत, सुतक धरत नाहीत, म्हणून यायचं नसतं, असं कुणी तरी सांगितलं असेल तुम्हाला. चाकूरहून माझ्याकडे बसने दीड तास लागतो. दगड तपासायला तुम्ही त्याच बसने आलात. मधल्या खोलीचं दार उघडंच होतं. पाळणा तिथून दिसतो. तुम्ही चुलीमागे बघत होतात.

ह्याचा राग मला वरवंट्याच्या बोलण्यापेक्षा जास्त आहे. म्हणून फोन केला नाही. फोनवर मी रडलो असतो आणि ते तुमच्यासमोर मला करायचं नाही.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी येळवस आहे. बाकीचे तिघे येणार आहेत, तुम्हीही या. पाळी तुमची आहे, ती मी नाकारत नाही. पाटा धुऊन ठेवतो, येसराचं सामान भाजून ठेवतो. खोटा वरवंटा मी तुमच्या हातात देणार नाही. त्याच्यावर आता आम्ही ठेचा वाटतो.

खरा पाहिजे असेल तर तुम्ही स्वतः मधल्या खोलीत जा. दारात चपला काढा. सुकन्येला सांगा, बाई, माझ्या दारात गाड्या थांबत नाहीत, मला तो दगड दे. ती नाही म्हणणारी पोर नाही. कदाचित टोपडं काढून, पदराने पुसून देईल. दिला तर मांडीवर घेऊन जा, मी तुम्हाला अडवणार नाही आणि आयुष्यात त्यावरून बोलणार नाही. पण मी मागणार नाही. बालाजी मागणार नाही. घरातली मागणार नाही. ते तुम्हालाच करावं लागेल, आणि पाळण्याकडे बघून करावं लागेल.

ते होत नसेल तर मला पाचातून काढा. ग्रुपमधूनही काढा, मला ते स्वतः करता येत नाही. चौघांत फिरवायला दुसरा दगड घ्या. तुळजामायने काय सांगितलं असतं ते मला माहीत नाही. ती असती तर मी आधी तिच्याकडे गेलो असतो, तुम्हाला लिहिलं नसतं.

माझ्या पंगतीत चोर म्हणालात, ते मात्र त्याच पंगतीत येऊन परत घ्यावं लागेल. ट्रकवाले दोघेही रोज एक वाजता येतात.

वहिनींना नमस्कार सांगा. त्यांच्यावर माझा राग नाही.

शिवांशचा आजा,
सटवाजी