डोंगर नसलेला किल्ला

प्रिय ताई,

कंपनी शेफालीला हिंजवडीहून हॉलंडला पाठवणार हे कळलं, त्याच दिवशी तिच्यामागे जायचं ठरवून मी कॉलेज सोडलं. आता टूरवाल्यांच्या आचाऱ्याच्या हाताखाली मीही इथे पोचलोय. पोटभर जेवतो, आईला सांग.

काल शेफालीने ऑफिसच्या मंडळींबरोबर मलाही जुना किल्ला पाहायला नेलं. मी ट्रेकचे बूट घालून, दशम्या बांधून गेलो. तिथे विचारलं, "डोंगर कुठाय?" सगळे हसले. नद्यांच्या मुखाशी सपाटीवर किल्ला, भोवती नुसतं पाणी!

"हा कोण गं?" एकीने विचारलं.

"गावाकडचा आहे, ओळखीचा," शेफाली म्हणाली.

डोकं फिरलं, पण भांडलो नाही गं. बाबांचा राग उतरला का? जूनमध्ये कॉलेजात पुन्हा नाव घालतो म्हणावं.

ती आत्ता मला भेटायला येणार आहे. त्याआधीच बॅग उचलून, दार ओढून घरी यायला बाहेर पडतोय.

तुझाच,
सार्थक