गाय घरी कवा येते

बाबूजी,

तुम्ही बांधावर गेले आहात आणि मी नागपूरच्या गाडीला निघून राहिली. गेम बनवणाऱ्या कंपनीत आज माझा पहिला दिवस. या नोकरीपायी तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलले नाही. पण काल पाठीमागून माझा शेतीचा खेळ पाहून तुम्हीच विचारलं, "हे गाय चरूनच राहिली, घरी कवा येते?"

बाबूजी, ती येतच नाही. खेळ बनवणाऱ्यानं तिला घर सांगितलंच नाही. ते आपण सांगायचं, त्यालाच स्क्रिप्ट म्हणतात.

लॅपटॉपवर गाईची फाइल उघडून ठेवली आहे. तीनच ओळी आहेत. पहिली म्हणते, इतके वाजले तर. दुसरी म्हणते, गोठ्यात ये. तिसरीत नुसतं 'एंड' आहे, ती गोठ्याची आगळ समजा. काल मी तीच विसरली, तर अख्खा खेळ दारात अडून बसला.

पहिल्या ओळीत वेळेची जागा रिकामी ठेवली आहे. मी सहा टाकणार होती, तर माय म्हणे, "तुले का समजते? बाबूजीले इचार, जनावरं त्याइच्याच हाकेवर येतेत." म्हणून आकडा तुम्ही टाका. तिथं घड्याळ रेल्वेसारखं चालते, सांजचे सहा म्हणजे अठरा. मग सेव्ह करून खेळ सुरू करा. चुकलं तरी काही मोडत नाही, जुनी फाइल मी बाजूला ठेवली आहे.

माझी वेळ मीच लिहून जाते: शनिवार, सांजचे सात. आगळ तेवढी तुम्ही काढून ठेवा.

टीना