मनीची जन्मवेळ

३ फेब्रु., मंगळ
मनीला साताऱ्याकडचं स्थळ आलंय. मुलगा एअरफोर्समधे, सध्या इथंच, लखनौला. मुलाच्या आईचा फोन. पत्रिका पाठवा, पण वेळ पक्की पाहिजे बरं का.
पक्की वेळ कुठनं आणू? मनी झाली माझ्या माहेरी, गावात. लाइट नव्हती. घड्याळ बंद. कोंबडं आरवून गेलं होतं आणि डेरीची दुधाची गाडी यायची होती, एवढंच ठाऊक. गाडी सहाला यायची. म्हणजे चार ते सहा. हे तेव्हा बॉर्डरवर.
हे म्हणतात, "पाच लिही नि मोकळी हो." ह्यांचं सगळं असंच.

५ फेब्रु., गुरु
मेट्रोनं आलमबाग. तिथं पंडितजी, मिठाईच्या दुकानावर बसतात, लॅपटॉप घेऊन. म्हणे वेळ नसली तर उलटं जायचं. मुलीच्या आयुष्यात काय काय घडलं ते तारखेसकट सांगा, त्यावरनं वेळ काढतो.
मी सुरू केलं. पहिलं पाऊल टाकलं, पहिल्यांदा आई म्हणाली...
"अरे बहनजी, चलना-बोलना तो सबका होता है. हड्डी टूटी? नौकरी? घर में कोई गुज़रा?"
सुखाचं काही चालत नाही वाटतं ह्यांच्यात. सांगितलं मग. आठवीत सायकलवरून पडून हात मोडला. लॅबमधली नोकरी. सासूबाई गेल्या ते.
"भाई-बहन?"
"नहीं. अकेली है."
पटकन बोलून गेले. अजयला जाऊन बावीस वर्षं झाली. आठ महिन्यांचा होता. मनी चार वर्षांची, तिला काय आठवतंय. घरात त्याचं नाव काढत नाही आम्ही. फोटो पण ट्रंकेत, तळाला.

८ फेब्रु., रवि
पंडितजींचा फोन. दोन वेळा उरल्यात. पावणेपाच आणि साडेपाच. पावणेपाच धरली तर कडक मंगळ. साडेपाचला मंगळ नाही. "बचपन की कोई बड़ी बात दीजिए, पाँच साल के अंदर की. फैसला हो जाएगा."
म्हणलं सोचती हूँ. सोचायचं काय त्यात. तारीख मला झोपेत विचारली तरी सांगेन.
ह्यांना सांगितलं. पेपर वर धरला तोंडासमोर. "साडेपाच कळव त्यांना. कोण तपासायला येतंय?"

९ फेब्रु., सोम
मटार सोलत बसले होते. मनी ड्यूटीवरून आली, खाली बसली, चार शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "मम्मी, पंडितजी के लिए मैंने भी लिस्ट बनाई है." मोबाइल समोर धरला.
पहिलाच नंबर. अजय.
माझे हात थांबले. म्हणलं, तुला कुणी सांगितलं?
"मुझे याद है. मुझे खाँसी थी. तुमने बोला था दूर रहो. मैंने फिर भी उसको पप्पी दी. फिर उसको भी खाँसी हुई, फिर..."
हो. मीच ओरडले होते. "लांब हो त्याच्यापासून, मारायचाय का त्याला?" तोंडाला लगाम कधी नव्हताच माझ्या. मी विसरले. हिनं बावीस वर्षं...
म्हणलं, अगं गाढवे, त्याच्या दिलाला छेद होता! जन्मापासनं. मिलिटरी हॉस्पिटलच्या डॉक्टरनं आधीच सांगितलेलं, वर्ष काढणं अवघड आहे. तुझ्या खोकल्यानं काय होतंय!
"तुमने कभी बताया क्यों नहीं?"
"तू विचारलंस कधी?"
हे काय बोलणं झालं माझं.
मग ट्रंक काढली. डॉक्टरचा कागद दाखवला. तिनं दोनदा वाचला, तारीख बघितली, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. मटार सगळे फरशीवर.

१० फेब्रु., मंगळ
आज कळतंय. हिला साधी सर्दी झाली तरी ताट वेगळं, ग्लास वेगळा, पांघरूण घेऊन बाहेरच्या खोलीत. शेजारणीचं बाळ कधी कडेवर घेतलं नाही. मी म्हणायची, नखरे बघा लॅबवालीचे. शेजारणीसमोर पण म्हणाले आहे.
ह्यांना सगळं सांगितलं. चिनहटला कंपनीत गेले, गेटवर ड्यूटी असते त्यांची. दुपारी फोन. "मनी जेवली का?" एवढंच. ह्यांचा दुपारचा फोन कधी येत नाही.

१२ फेब्रु., गुरु
तिघं गेलो आलमबागला. ह्यांनी सुट्टी टाकली. पंडितजींनी मला विचारलं, पण मनीच बोलली. "एक भाई था मेरा. मुझसे छोटा."
अजय गेल्याची तारीख मी सांगितली. वेळ ह्यांनी सांगितली, मिनिटासकट. मला वाटायचं ह्यांच्या ध्यानात नाही.
पंडितजींनी कागदावरचं "अकेली" खोडलं, "बड़ी" लिहिलं. मनी त्या कागदाकडं बघत राहिली.
मंगळवारी या म्हणाले.

१५ फेब्रु., रवि
मुलाच्या आईचा परत फोन. म्हणलं, मंगळवारी कळेल, थोडा दम धरा. "काही अडचण तर नाही ना?" म्हणलं अडचण काय, मोजायला वेळ लागतो. मंगळ निघाला तर ही बाई फोन उचलायची नाही. हे म्हणतात, निघाला तर निघाला, खोटी वेळ द्यायची नाही. आठवड्यापूर्वी हेच...
मनी काही बोलत नाही लग्नाचं. तिचं दुसरंच चाललंय. भाजी चिरता चिरता विचारते. केस कसे होते त्याचे? काळे, कुरळे, तुझ्यासारखे नाहीत. मला ओळखायचा का? ओळखायचा म्हणजे? तू शाळेतनं आलीस की पाळण्यात पाय आपटायचा नुसता. दूध पाजणं मुश्किल व्हायचं मला.
"सच में?"
"मग काय खोटं सांगतेय?"
हसली. संध्याकाळी शेजारणीचं बाळ रडत होतं जिन्यात. मनी दारापर्यंत गेली. उभी राहिली थोडा वेळ. परत आली, हात धुतले साबणानं, पुन्हा गेली. मी स्वयंपाकघरातनं हलले नाही.