श्रमाचे गृहीतक की श्रमाची प्रक्रिया

हॅरो, सोम. ३ फेब्रु.
जपानी अर्थशास्त्रज्ञ ओकुदांच्या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण आले. दृष्टी गेल्यापासून ते तोंडी सांगतात, संगणक जपानीत उतरवतो, मी मराठी करतो. पुण्याच्या प्रकाशकाला शुक्रवारी हवे. थकवा.
आग्रह जपानी मार्क्सवाद्यांच्या मूल्यचर्चेतला जुनाच: वस्तूंचा विनिमय मांडताना श्रमाचे नावही घ्यायचे नाही. आधी मूल्याचे नुसते रूप. त्यामागे श्रम आहे, हे नंतर उत्पादनात सिद्ध करायचे. या क्रमासाठी ओकुदा आयुष्यभर भांडले.

मंगळ. ४
निर्णायक वाक्य: ‘श्रमाच्या गृहीतकातून मूल्याचे सत्त्व सिद्ध होते.’ जे सिद्ध करायचे तेच गृहीत! मांडणीच कोसळते.
मग ध्यानात आले. जपानीत गृहीतक म्हणजे ‘कतेई’, प्रक्रिया म्हणजेही ‘कतेई’. लिपीत वेगळे, कानाला एक. यंत्राची चूक असावी. असावी.
सुधा म्हणाली, “अहो, मग प्रक्रिया लिहून सेंड करा की! वाचणार कोण? तुम्ही आणि तो प्रूफवाला.”
“ओकुदांचे काय?”
“त्यांना मराठी कुठे येतंय?”
बायकोच्या या युक्तिवादात दोष सापडला नाही. तरीही.

बुध. ५
ओकुदांना लीड्सला फोन. कोणता कतेई?
“मी कतेई म्हणालो.”
“ते कळले. अर्थ कोणता?”
ते हसले. “बोलताना दोन्ही एकच वाटले. कदाचित नेहमीच वाटत आले. प्रोफेसर, तुम्ही कॉलेजात इतकी वर्षं लॉजिक शिकवलंत. सिद्धता उभी राहते का?”
“प्रक्रिया घेतली तर राहते.”
“मी ते विचारलं नव्हतं.”

गुरु. ६
पुढच्याच परिच्छेदात ‘वर मान्य केल्याप्रमाणे’. प्रक्रिया दाखवतात, मान्य करतात ते गृहीतक. शब्द सैल वापरणारा माणूस नव्हे. पण अंधारात, आठवणीवर, सलग बोलताना...
सुधा दारात: “जेवायला येताय, की भूक आधी सिद्ध करायचीय?”

शुक्र. ७
प्रकाशकाचे दोन मेसेज. मराठीत हे शब्द एकमेकांच्या आड उभे राहू शकत नाहीत. मी प्रक्रिया लिहिली, तर ओकुदांची सिद्धता मी पूर्ण केली, असे होईल. गृहीतक लिहायला, म्हणजे ती पाडायला, हात धजत नाही.
दुपारी त्यांचाच फोन. “पाठवलं?”
“नाही.”
“कोणता घेतलात ते मला सांगू नका.” आणि ठेवला.
‘श्रमाच्या’ इथवर टंकले आहे.