गुलाबी आधी उडतो

३ फेब्रुवारी
लेकीकडे कायमचा राहायला आलो. खोली ऐसपैस, उजेडही भरपूर. एक बॅग आणि जुना प्रोजेक्टर बघून लेक म्हणाली, बाबा, माणूस एक आणि बिऱ्हाड सिनेमावाल्याचं! पोट धरून हसलो. तिची आई गेल्यापासून असं हसलो नव्हतो.

५ फेब्रुवारी
जुन्या फोटोंच्या स्लाइडचा डबा उघडला. तिची आई कॅमेरा दिसला की पाठ फिरवायची. तोंड दिसतं अशी एकच स्लाइड: ती खुर्चीत, मांडीवर तीन वर्षांची लेक. चाळीस वर्षं अंधारात राहून पार लालभडक झालीय. अंधारात फिल्मचा निळसर रंग आधी उडतो, मग उरते ती लाली. प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे उलटं, गुलाबी आधी उडतो. मी कुठे काय शिकलोय, पण म्हटलं, दिव्यापुढे धरून जास्तीची लाली उडवू, की रंग आले जागेवर!

९ फेब्रुवारी
रोज दुपारी चार तास दिवा. आज भिंतीवर बायको गव्हाळ दिसली, होती तश्शी. लेक बघून रडली. म्हणाली, बाबा, आता आईला परत अंधारात टाकू नका. लेकीचा चेहरा जरा ओढलेला वाटतो.

१२ फेब्रुवारी
लेकीचे ओठ पांढरे. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी होतंय, कारण सापडत नाही. लेकीच्या शब्दाखातर दिवा आता दिवसभर चालू. घरी येऊन भिंतीकडे पाहिलं. मांडीवरची पोर पांढरीफटक. तेच ओठ. दिवा बंद केला.

१४ फेब्रुवारी
दिवा बंद, तरी स्लाइडमधली पोर पांढरी पडतेच आहे. उडालेला रंग परत येत नसतो. लेकीला उठवत नाही. बायकोपुढे हात जोडले. म्हटलं, अगं, पोर तुझीच आहे, काहीतरी कर.

१५
स्लाइडमध्ये बायकोचा हात हललाय. खुर्चीच्या दांडीवर होता, आता पोरीच्या गालावर. हात राखाडी — गाल गुलाबी. लेक दोन घास जेवली.

१६
बायकोचा चेहरा राखाडी. डोळे तेवढे अजून — पुरे कर म्हणू? म्हणवत नाही. लेक जिना चढून आली.

१७
लेक ठणठणीत. दाढी केली नाही म्हणून माझ्यावर ओरडलीसुद्धा. स्लाइडमध्ये पोर लालचुटुक, हसतेय. खुर्ची रिकामी, पोर अधांतरी. लेकीने विचारलं, बाबा, मी कुणाच्या मांडीवर होते? सांगणारच होतो. अगदी ओठांवर — गव्हाळ होती, एवढं आठवतं — ती माझी —