साडेसहाचं टेबल

रविवार, ५ ऑक्टोबर. ऑल्टन, झुरिचजवळ. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. बिटर्लीबाईंचा हुकूम. बाई म्हणजे कोर्टाने माझ्या मागे लावलेल्या 'राग आवरा' वर्गाच्या मास्तरीण. रोज लिहायचं, आज राग किती आला, दहापैकी. कोणी वाचणार नाही म्हणाल्या.
आज: शून्य.
मुळात मी त्या वर्गात चुकून आहे. एकतीस वर्षं ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षा घेतल्या. नवशिक्यांच्या शेजारी बसून रोज मरणाच्या दारात जाणारा माणूस तापट असता तर एकतीस वर्षं टिकला असता का? शिवाय आमचा देश दोनशे वर्षं कुणाशी लढलेला नाही, आणि मी त्याच देशाचा नागरिक आहे.

त्याच दिवशी, दुपारी
सिबिलचं पत्र! माझी मुलगी. तीन वर्षांनी. हाम्बुर्गला असते, नवऱ्याबरोबर. नवरा टोर्स्टन, जर्मन. लग्नात ग्लासला ग्लास लावताना त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. आमच्याकडे तेव्हा डोळ्यांत बघायचंच असतं, हे लहान पोरालाही कळतं. मी त्याची हनुवटी धरून चेहरा जरा वळवला. त्यात त्याचे पुढचे दोन दात पडले. आधीपासून हलत असणार. तेव्हापासून सिबिल माझ्याशी बोलत नाही. नात झाली, मिला, आता दोन वर्षांची आहे. मी तिला अजून पाहिलेलं नाही.
पत्रात लिहिलंय: 'बाबा, शनिवार २५ तारखेला, संध्याकाळी साडेसहा, इथल्या ओटेन्सन भागातलं मासळीचं रेस्टॉरंट. वेळेवर या, मिला आठला झोपते. आणि कुणाच्याही अंगाला हात लावायचा नाही. कुणाच्याही. हे एकदाच बोलावतेय.'
रोसमारीने पत्र तीनदा वाचलं आणि म्हणाली, फ्रिडोलिन, या वेळी घोटाळा केलास तर मी तिकडेच राहीन, परत यायची नाही.
बायकोला गंमत करायची सवय आहे. चाळीस वर्षं संसार केलाय तिने माझ्याशी.

सोमवार, ६ ऑक्टोबर
प्लॅन तयार. विमान हाम्बुर्गला ४.२५ ला उतरणार. ४.३९ सामान. ४.५३ ची लोकल. ५.३५ हॉटेल. ५.५० आंघोळ, निळा शर्ट. ६.१० ला रेस्टॉरंटकडे चालत. जर्मन गाडी उशिरा येणार हे धरून दोन पर्यायी मार्ग, तीन रंगांत. कागद लॅमिनेट केला.
जेवणाचाही प्लॅन. ६.३० अभिवादन. ६.४० नातीला मांडीवर घेणे. ६.५० जावईबापूंची माफी (दोन मिनिटं पुरेत). ६.५२ सूप.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
आमच्या इमारतीत धुण्याची खोली एकच. मंगळवार माझा, गेली बावीस वर्षं. आज सकाळी खाली गेलो तर माझ्या मशीनमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या गासरची पँट गरगरतेय. मी शांतपणे मशीन थांबवलं. शांतपणे पँट बाहेर काढली. तेवढ्यात गासर आला, म्हणून ती त्याच्याच तोंडावर वाळत घातली. ओली पँट तोंडावर बसल्याचा आवाज फार मोठा होतो. त्याने साबणाचा डबा हाणला. मी त्याची मान मशीनच्या दारात धरली, फक्त आत चिकटवलेलं वारांचं वेळापत्रक वाचून दाखवण्यासाठी. रोसमारीने बादलीभर पाणी ओतलं आमच्यावर.
माझा डावा डोळा सुजलाय. त्याचा चष्मा गेला.
राग: एक. पँट सिंथेटिक होती, त्याचा.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
डोळा जांभळा. २५ पर्यंत पिवळा होईल, पिवळा फारसा दिसत नाही.
माफीची तालीम केली. दिवाणखान्यातल्या उंच दिव्याला माझी टोपी घातली आणि त्याला टोर्स्टन मानलं. सुरुवात छान झाली. म्हणालो, जावईबापू, त्या दिवशी जे झालं त्याचं मला वाईट वाटतं, अर्थात तुम्हीही डोळ्यांत बघायला हवं होतं. थोडा थांबलो. दिवा नुसता उभा. म्हटलं, आतासुद्धा बघत नाहीस? दिवा आडवा झाला. काच सोफ्याखालपर्यंत.
रोसमारी काचा गोळा करता करता म्हणाली, हा तर दिवा होता, फ्रिडोलिन, तो माणूस आहे. मी म्हणालो, म्हणूनच तर, माणूस निदान उत्तर देईल. तिने टोपी झटकून खुंटीला लावली. हल्ली ती बरंच काही बोलत नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर
झुरिच विमानतळावर रंगीत तालीम. रिकाम्या बॅगा, स्टॉपवॉच. रोसमारीला आणलं होतं, पण ती कॉफी पीत बसली.
सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांची. एक लांबलचक तरुण डावीकडे उभा, फोनमध्ये तोंड. मी दोनदा खाकरलो. मग बॅग त्याच्या पोटऱ्यांवर सोडली. तो खाली बसला. तो उठेपर्यंत आम्ही दोघं वरच्या मजल्यावर पोचलो होतो, एकमेकांच्या कॉलरी धरून. त्याच्या कोपराने माझा ओठ फुटला. सिक्युरिटीवाल्याने विचारलं, आजोबा, विमान कितीचं आहे? म्हणालो, पुढच्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी.
स्टॉपवॉच बंद करायला विसरलो, त्यामुळे तालमीचा वेळ एक तास चौपन्न मिनिटं धरावा लागतोय. प्रत्यक्षात नऊ.
राग: अर्धा.

गुरुवार, १६ ऑक्टोबर
बिटर्लीबाईंना वही दाखवायची नव्हती, पण आकडे वाचून दाखवले. बाई म्हणाल्या, छान, आणि ओठाला काय झालं? म्हणालो, प्रवासाची तयारी.
बाईंनी युक्ती शिकवली. राग आला की सहा श्वास मोजायचे. सहा फार होतात. माझं काम दोनमध्ये होतं.

शनिवार, १८ ऑक्टोबर
रेस्टॉरंटला फोन केला. टेबल पाच जणांचं, एक उंच खुर्ची. विचारलं, खिडकीजवळ आहे का. पोरगी म्हणाली, तुमच्या कन्येने भिंतीजवळचं मागितलंय, आणि तुमच्यासाठी सूप आणि उकडलेला मासा आधीच सांगून ठेवलाय.
सुरी लागू नये म्हणून! माझ्याच मुलीने! रिसीव्हर ठेवला, जरा जोरात. नवा घ्यावा लागणार.
नंतर एकटा बसलो होतो तेव्हा वाटलं, तिने माझ्यासाठी काहीतरी मागवून ठेवलंय हे तर खरं. सिबिल लहान असताना मासळीतले काटे मीच काढून द्यायचो तिला. आता मिलाला काढून देईन. हे प्लॅनमध्ये टाकलं, ७.०५ ला.

शनिवार, २५ ऑक्टोबर. दुपारी ३.२०, विमानात
सगळं वेळेवर. पुढच्या माणसाने खुर्ची मागे टाकली. माझा गुडघा लागला त्याच्या पाठीला. अकरा वेळा. त्याने जागा बदलून मागितली, म्हणजे माणूस समजूतदार होता.
रोसमारी डोळे मिटून बसलीय. झोपलेली नाही.

४.५३
लोकल आली. वेळेवर. एका मिनिटाचाही फरक नाही. जर्मन गाडी उशिरा येईल याची एवढी तयारी केली, लॅमिनेशन केलं, आणि ती आलीच. जरा फसवल्यासारखं वाटलं. दरवाजात बॅग घेऊन उभ्या असलेल्या एका बाईला आत ढकललं, तिच्याच सोयीसाठी.

६.१४, रेस्टॉरंटच्या दाराबाहेर
पोचलो. सोळा मिनिटं आधी. पाऊस बारीक पडतोय. काचेतून सिबिल दिसतेय, एकटी, भिंतीजवळच्या टेबलावर. केस कापलेत. माझ्या आईसारखी दिसायला लागलीय.
रोसमारी म्हणाली, चल आत. मी म्हणालो, साडेसहा म्हणजे साडेसहा. लोकांच्या घरी आधी जाऊन उभं राहणं हा आगाऊपणा आहे. ती म्हणाली, हे घर नाही, रेस्टॉरंट आहे, आणि ती लोक नाही, तुझी मुलगी आहे. मी म्हणालो, नियम तोच. मग ती म्हणाली, तू थांब नियम धरून, मी लेकीला भेटते. आणि गेली.
मी छत्रीखाली थांबलोय. राग: शून्य. खरंच शून्य.

६.२९
घाईत लिहितोय, खिडकीच्या कट्ट्यावर. एक प्रकार झाला. ६.२४ ला एक माणूस सायकल घेऊन फुटपाथवरून आला. फुटपाथवरून! उलट्या दिशेने! ती पुढे लाकडी पेटीवाली मोठी सायकल, पेटीत प्लॅस्टिकच्या छपराखाली लहान मूल. स्वतः हेल्मेट, रेनकोट, नाकापर्यंत मफलर. मी आडवा उभा राहिलो आणि हँडल धरलं. म्हणालो, हा फुटपाथ आहे, लाज नाही वाटत, पेटीत मूल आहे. तो थांबला, दोन्ही हात वर केले, काहीतरी सांगायला लागला. मफलरमधून काय कळणार? आणि मी बोलतच होतो. त्याचे डोळे हसत होते. हसतो काय? दोन श्वास मोजले. मग नाकावर एक आणि पोटात दोन. तो सायकल सोडेना, पेटी उलटेल म्हणून. हात उचलायची हिंमत नाही झाली त्याची. तरी आणखी एक दिली. दोन पोरांनी मला मागे ओढलं. मूल किंचाळत होतं. असल्या बापाच्या हाती पडल्यावर काय करणार बिचारं.
शर्ट ठीक आहे. बोटांची कातडी सोललीय. राग: दोन, तोही समाजासाठी.
आता आत जातो. घड्याळात साडेसहा.

६.४१, रेस्टॉरंटच्या स्वच्छतागृहात
दाराला आतून कडी लावलीय.
आत गेलो तेव्हा सिबिल उठून आली आणि तिने मला मिठी मारली. स्वतःहून. कानाशी म्हणाली, बाबा, वेळेवर आलात.
बसलो. दोन खुर्च्या रिकाम्या. म्हणाली, टोर्स्टन मिलाला घेऊन येतोय, पोचायलाच हवा होता. मग तिचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. हे काय, म्हणाली. मी सांगितलं, काही नाही, बाहेर एका बेजबाबदार सायकलवाल्याला धडा शिकवला. रोसमारीने हातातला ग्लास खाली ठेवला. सिबिलने हळूच विचारलं, पेटीवाली सायकल?
मी म्हणालो, हो, तुला कसं माहीत?
आणि दार उघडलं.
रेनकोट तोच. मफलर खाली केलेला, त्यावर रक्त. नाकाला रुमाल. खांद्यावर एक छोटी मुलगी, लाल टोपी. तिने मला पाहिलं आणि बापाच्या मानेत तोंड खुपसून असा टाहो फोडला की बाकीच्या टेबलांवरचे काटेचमचे थांबले.
टोर्स्टन सिबिलला म्हणाला, मी दोनदा सांगितलं त्यांना, 'बाबा, मी टोर्स्टन.' पावसात ऐकू गेलं नसेल. फुटपाथवर होतो मी, तेवढं त्यांचं बरोबर आहे.
माझी बाजू घेत होता तो. फुटक्या नाकाने.
सिबिल ओरडली नाही. ओरडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. ती म्हणाली, बाबा, बाजूला व्हा, तिला भीती वाटतेय तुमची.
म्हणून इथे आलो. तरीही विचार केला तर दोष हेल्मेटचा आहे. आणि मफलरचा. माणसाने ओळखायचं कसं? शिवाय उजेड कमी होता. ओले केस सारखे करतो, तोंड धुतो आणि बाहेर जातो. माफीची वेळ ६.५० ची आहे, अजून हातात आहे. आता तर दोन्ही प्रसंगांची एकदमच मागता येईल.

६.५३
टेबल रिकामं. वेटर उंच खुर्ची उचलत होता. म्हणाला, मंडळी गेली, आजोबा. तुमचं सूप तयार आहे, आणू का?
आणलं. मासाही आला. उकडलेला, काटे काढलेला. सुरी नव्हती.

रविवार, २६ ऑक्टोबर. हाम्बुर्ग विमानतळ
काल हॉटेलवर गेलो तेव्हा रोसमारीची बॅग नव्हती. आज सकाळी तिचा फोन आला. टोर्स्टनचं हाड मोडलेलं नाही. मिला जागी झाली तेव्हा बाहेर जायला तयार नव्हती. मी म्हणालो, मी येतो, समजावतो तिला. रोसमारी म्हणाली, नको. मी विचारलं, तू कधी येतेस? तर म्हणाली, तुझ्या गोळ्या डाव्या खिशात आहेत, जेवल्यावर घे.
आज हिवाळी वेळ सुरू झाली, घड्याळं एक तास मागे गेली. सगळ्यांना एक तास जास्तीचा मिळाला. तो मी फलाटावर घालवला. गाड्या एकामागून एक वेळेवर येत होत्या आणि जात होत्या. काल साडेसहाच्या आधी मी ज्याला मारलं तो माझ्याशी हसून बोलत होता. सासऱ्याला ओळखून हसत होता. हे रात्रभर डोक्यातून गेलं नाही. मला लाज वाटते. आकडा कसला टाकू? बाईंनी लाजेचा आकडा शिकवलेला नाही.
मिला कशी बोलते ते मला माहीत नाही. मी तिचं फक्त रडणं ऐकलंय.
गेटवर रोसमारीचं बोर्डिंग कार्ड माझ्याच खिशात निघालं. मी दोन्ही दाखवली. गेटवरची बाई म्हणाली, दुसऱ्या प्रवासी कुठे आहेत? म्हणालो, येतेय, जरा मागे राहिलीय. रांगेच्या बाजूला उभा राहिलो. सगळे आत गेले. बाईने पुन्हा विचारलं, म्हणालो, येईलच.
तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणालो, मी एकटाच आहे.